मशीन बसवलंय, मग गोळी कशाला?

मंडळी, या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपांवर आला. कॉलेजच्या, हपिसाच्या, सोसायटीच्या आणि चौथा म्हणजे आमच्या जालन्याच्या भावकीच्या. मजकुराचा सारांश असा की आता पेसमेकरच बीपी कमी करणार, तेही प्रत्येक पेशंटच्या हृदयाप्रमाणे 'पर्सनलाइज' करून, आणि गोळ्यांची कटकट कायमची संपणार. खाली हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे, असे सगळे इमोजी. पहिल्या तीन ग्रुपांवर मी गप्प बसलो. चौथ्यावर मात्र डोकं सटकलं. का ते पुढे येईलच.

आधी एक स्पष्ट करतो, नाहीतर लगेच "तू टेक्नॉलॉजीच्या विरोधात कसा काय, तू तर आयटीतला" सुरू होईल. ही कल्पना मला मनापासून आवडलेली आहे. इतकी साधी आणि हुशार आयडिया बऱ्याच दिवसांत वाचली नव्हती. माझं भांडण आहे ते 'पर्सनलाइज' या शब्दाशी. म्हणजे तो शब्द ज्या पद्धतीने विकला जातोय त्याच्याशी.

तर आयडिया काय आहे? हृदयाचे वरचे दोन कप्पे आधी आकुंचन पावतात आणि खालच्या कप्प्यांत रक्त ढकलतात. मग थोडा वेळ जातो, साधारण १२० ते २०० मिलिसेकंद, आणि खालचे कप्पे आकुंचन पावून ते रक्त अंगात पाठवतात. दोन तारांच्या पेसमेकरमध्ये ही मधली वेळ किती असावी हे प्रोग्रॅम करता येतं. आता ती वेळ मुद्दाम कमी केली तर? खालचा कप्पा पूर्ण भरायच्या आतच आकुंचन पावतो. भरलं कमी, म्हणून फेकलं कमी, म्हणून दाब कमी. झालं.

इतकं सोपं असतं तर चाळीस वर्षांपूर्वीच झालं असतं. अडचण अशी की शरीर काही मूर्ख नाही. दाब पडला की मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधले सेन्सर बोंब मारतात, मेंदू रक्तवाहिन्या आवळतो आणि दाब पुन्हा वर. म्हणून या लोकांनी पॅटर्न बनवला. आठ ते तेरा ठोके कमी वेळेचे, मग एक ते तीन ठोके जास्त वेळेचे, मग पुन्हा कमी वेळेचे. मधल्या त्या मोकळ्या ठोक्यांत दाब क्षणभर उसळतो, सेन्सरांना वाटतं सगळं ठीक आहे, आणि शरीराची उलटी प्रतिक्रिया दबून राहते.

आमच्याकडच्या माणसाला हे समजवायला एक मिनिट लागतं. मोसंबीचा बहार धरताना बागेला ताण देतात. पाणी तोडायचं, झाडाला थोडं उपाशी ठेवायचं, आणि पानं कोमेजायला लागली की नेमक्या वेळी पुन्हा सोडायचं. किती दिवस तोडायचं? त्याला एक आकडा नाही. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. शेजारच्याने जितके दिवस दिला तितके दिवस तुम्ही दिलात तर बाग हातची जाऊ शकते. अंबड, घनसावंगीकडचा कोणताही जुना बागायतदार तुम्हाला सांगेल की ताण कॅलेंडर बघून देत नाहीत, झाड बघून देतात. रोज सकाळी बागेत जाऊन पान हातात घेऊन.

'पर्सनलायझेशन' म्हणजे नेमकं हेच. त्या चिपमध्ये ते नसतं, रोजच्या फेरीत असतं.

आता पुराव्याकडे येऊ. फॉरवर्डमध्ये "संशोधनाने सिद्ध" असं लिहिलंय. मॉडेराटो-२ नावाची चाचणी २०२१ मध्ये छापून आली. डबल ब्लाइंड, म्हणजे कुणाचं मशीन चालू आहे आणि कुणाचं नुसतंच बसवलंय हे पेशंटलाही माहीत नाही आणि बीपी मोजणाऱ्यालाही नाही. व्यवस्थित चाचणी. सहा महिन्यांनी चोवीस तासांच्या मोजणीत वरचं बीपी चालू गटात सरासरी ११.१ ने उतरलं, बंद गटात ३.१ ने. फरक सुमारे आठ पॉइंटांचा. हा फरक काही लहान नाही, एक चांगली गोळी साधारण एवढंच काम करते. पण पेशंट किती? ४७. चालूचे २६ आणि बंदचे २१. आपल्या एखाद्या प्रॉडक्टची सत्तेचाळीस युजरवर टेस्ट झाली असेल तर आपण त्याला काय म्हणतो? बीटासुद्धा म्हणत नाही! आणि हे सगळे असे लोक होते ज्यांना पेसमेकर हृदयाच्या ठोक्यांसाठी लागणारच होता. बीपीसाठी म्हणून कुणाची छाती उघडली नव्हती. ते आपल्या गोळ्याही घेत होते. परत वाचा हे वाक्य. गोळ्या चालूच होत्या.

त्यानंतर सुमारे ५०० पेशंटांची मोठी चाचणी हाती घेतली गेली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या तंत्राला 'ब्रेकथ्रू' असा दर्जा दिला. आपल्याकडच्या बातम्यांत त्याची लगेच 'मंजुरी' होते. तो दर्जा म्हणजे मंजुरी नाही. फाइल जरा लवकर बघू, चर्चा करू, एवढाच त्याचा अर्थ.

मी इतका खडूस का, असं वाटत असेल तर २०१४ आठवा. किडनीच्या धमनीभोवतीच्या नसा जाळून बीपी उतरवायचं तंत्र त्याआधीच्या छोट्या चाचण्यांत वरचं बीपी तीसेक पॉइंटांनी पाडत होतं. लोक वेडे झाले होते. मग ५३५ पेशंटांवर सिम्प्लिसिटी-३ झाली, त्यात एका गटाला नुसतं टेबलावर झोपवून, नसा न जाळता घरी पाठवलं. जाळलेल्यांचं १४ ने उतरलं आणि न जाळलेल्यांचं जवळपास १२ ने. दोघांतला फरक अडीचच्याही आत. सगळा फुगा फुटला. पुढे लोकांनी चिकाटीने तंत्र सुधारलं, नव्या चाचण्या केल्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यातल्या दोन उपकरणांना एफडीएची खरोखरची मंजुरी मिळाली. मधली नऊ वर्षं गेली. बीपीचा आकडा फार लबाड आहे, मंडळी. कुणी आपल्याकडे नीट लक्ष देतंय एवढ्यानेही तो उतरतो.

आता चौथा ग्रुप.

माझे धाकटे काका जालना जिल्ह्यात असतात, घनसावंगी तालुक्यात. वय सत्तरीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी त्यांना चक्कर येऊन पडायला व्हायला लागलं, ठोके मधेच गायब व्हायचे, म्हणून संभाजीनगरच्या एका खाजगी हॉस्पिटलात दोन तारांचा पेसमेकर बसला. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. बीपी त्यांना आधीपासूनच, त्याची गोळी आठ-दहा वर्षं चालू. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा सहज म्हणून मशीन लावलं. १७८/९६. पुन्हा लावलं, दहा मिनिटं बसवून. १७४/९४. मी म्हटलं, "काका, गोळी घेता ना?" तर म्हणाले, "आता कशाला गोळी? मशीन बसवलंय की. एवढे पैसे कशाचे दिले मग?"

दीड वर्ष गोळी बंद! आणि त्यांना कुणी फसवलं नव्हतं बरं का. डिस्चार्ज कार्डावर गोळीचं नाव होतं, इंग्रजीत, सातव्या क्रमांकावर. कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं की हे मशीन ठोक्यांचं आहे, दाबाचं नाही. त्यांनी आपल्या अकलेने निष्कर्ष काढला, आणि तो निष्कर्ष बावळट नाही. हृदयात मशीन आहे, बीपी हृदयाचं, म्हणजे मशीन बघून घेईल. आता या माणसाच्या फोनवर तो फॉरवर्ड आला, की पेसमेकरने बीपी बरं होतं, गोळ्या संपल्या. पाठवणारा आमचाच एक चुलतभाऊ, पुण्यात चांगल्या पगारावर. त्याने चांगल्या भावनेनेच पाठवला असणार. काकांनी मला फोन करून विचारलं, "अरे, मग मी म्हणत होतो तेच खरं ना?"

नाही काका. तुमच्यात बसलंय त्यात ते सॉफ्टवेअर नाही. आणि ज्यांच्यात आहे त्यांच्याही गोळ्या बंद झालेल्या नाहीत.

त्यानंतर मी त्यांची फाइल उघडून बसलो. सवयच आहे, कुणाचंही सिस्टिम दिसलं की कॉन्फिगरेशन बघायचं. मॉडेल नंबर आहे, सिरियल नंबर आहे, वॉरंटीचा कागद आहे, बिलाच्या अकरा पानांच्या झेरॉक्स आहेत. सेटिंग कुठेच नाही. वरच्या-खालच्या कप्प्यांमधली वेळ किती ठेवली, किमान ठोके किती, बॅटरी किती उरली, काही नाही. हॉस्पिटलात फोन केला तर "कंपनीचा माणूस येतो तेव्हा मशीन लावून बघता येईल, आधी फोन करून या". कंपनीचा माणूस कधी येणार ते फोनवरच्या बाईंना माहीत नव्हतं, आणि त्यात त्यांचाही काही दोष नाही. पेसमेकरशी बोलायला जे यंत्र लागतं त्याला प्रोग्रॅमर म्हणतात (आमच्या जमातीचं नाव असलेली ती एकमेव उपयोगी वस्तू), आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. एका कंपनीचं दुसऱ्या कंपनीच्या पेसमेकरशी बोलत नाही. आपल्याकडे मोबाइलच्या चार्जरवरून लोक केवढं भांडले. काकांच्या छातीतल्या डब्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

घनसावंगीहून संभाजीनगर म्हणजे एक अख्खा दिवस, एक माणूस सोबत, आणि शेतीची कामं असली तर तो दिवस मिळतच नाही. आणि काकांचं तरी बरं आहे, ते गावात असतात. मंठा, परतूर, अंबडच्या खेड्यांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणारी जोडपी पाच-सहा महिने घराबाहेर असतात, आज या कारखान्याच्या हद्दीत, उद्या त्या. चाळिशी-पन्नाशीची माणसं, बीपी असलेली. त्यांना तुम्ही 'दर तीन महिन्यांनी फॉलोअप' सांगणार?

इथेच त्या शब्दाची गोम आहे. या नव्या तंत्रात 'पर्सनल' म्हणजे काय? तर डॉक्टर त्या पेशंटला किती कमी वेळ मानवतो ते बघतो, बीपी मोजतो, वेळ बदलतो, परत मोजतो. महिन्याने पेशंट येतो, परत बघतो. हा फीडबॅक लूप आहे. आणि त्या लूपमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पेसमेकरमध्ये नाहीच. पेसमेकरला रक्तदाब कळत नाही! त्याला विजेचे सिग्नल कळतात, ठोके कळतात. दाबाचा आकडा बाहेरूनच यायला लागतो, दंडाला पट्टा बांधून. म्हणजे लाखो रुपयांचं उपकरण शेवटी अवलंबून कशावर? तर नीट बांधलेल्या दीड-दोन हजारांच्या पट्ट्यावर, आणि तो आकडा लिहून ठेवणाऱ्या माणसावर.

तो आकडा आपण कसा मोजतो ते तुम्हाला माहीत आहे. ओपीडीत दोन तास उभं राहून आलेला माणूस, स्टुलावर टेकतो न टेकतो तोच शर्टाच्या बाहीवरून पट्टा, एकदाच फुग्गा मारला, "एकशेसाठ", पुढचा. पाच मिनिटं शांत बसवणं नाही, पाठीला टेकू नाही, दंड हृदयाच्या उंचीवर नाही, दुसऱ्यांदा मोजणं नाही. असा इनपुट देऊन जगातलं कुठलंही अल्गोरिदम चालवा. काय बाहेर येणार ते मी आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

शिवाय मराठवाड्याचा उन्हाळा. बीपी थंडीत चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, ही कुठल्याही डॉक्टरला माहीत असलेली गोष्ट. जानेवारीत सकाळच्या गारठ्यात मोजून लावलेलं सेटिंग मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत, घामाने अंगातलं पाणी गेलेलं असताना, त्याच माणसाला बांधावर चक्कर आणू शकतं. गोळीच्या बाबतीत निदान एक सोय आहे. चक्कर यायला लागली तर माणूस डॉक्टरला फोन करून अर्धी करतो. छातीतल्या सेटिंगची अर्धी कशी करणार? त्यासाठी परत संभाजीनगर, परत तो कंपनीचा माणूस. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागाच्या बागा जळाल्या. त्या ताण देणाऱ्याने चुकून मारल्या नव्हत्या. ताण संपवायच्या वेळी विहिरीत पाणीच नव्हतं.

आणखी एक तांत्रिक शंका, जी फॉरवर्डमध्ये अर्थातच नाही. उजव्या खालच्या कप्प्यातून सतत पेसिंग केलं तर काही लोकांचं हृदय काही वर्षांत कमकुवत होतं. २००२ च्या डेव्हिड नावाच्या चाचणीत, आधीच कमजोर हृदय असलेल्यांमध्ये, असं विनाकारण पेसिंग करणं नडलं होतं. तेव्हापासून डॉक्टर लोक शक्य तिथे हृदयाला स्वतःचे ठोके स्वतः मारू देतात. हे नवं तंत्र चालायचं तर मात्र खालचा कप्पा मशीननेच चालवावा लागतो. ज्यांचा वरून खाली येणारा मार्गच बंद आहे त्यांच्यात नाहीतरी मशीनच चालवतं, त्यांचा प्रश्न वेगळा. बाकीच्यांना काय होईल हे दहा वर्षांचा हिशोब आल्याशिवाय मला कुणी छातीठोक सांगू नये (शब्द अनवधानाने आला, राहू दे).

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशी भांडतो, कारण तेही तितकेच डोक्यात जातात. हे लोक म्हणतात, "जालन्याला आधी रोज नळाला पाणी द्या, मग पेसमेकरच्या गप्पा मारा." ऐकायला फार भारदस्त वाटतं. पण पेसमेकर जालन्यात आधीच आलेले आहेत, काकांच्या छातीत आहेत, महात्मा फुले योजनेतूनही बसतात. प्रश्न ते आणायचे की नाही हा नाहीच. आणलेल्यांची देखभाल कोण करणार हा आहे. आणि जालन्याला प्रगत तंत्र झेपत नाही हे कुणी सांगितलं? १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी याच गावात महिको काढली आणि संकरित बियाण्यांसाठी देशभर जालन्याचं नाव झालं. गणपती नेत्रालयात डोळ्यांच्या ऑपरेशनला लोक लांबून जालन्याला येतात, जालन्याहून बाहेर जात नाहीत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती. एवढ्या लोकांना 'तुम्हाला अजून वेळ आहे' म्हणणारा मी कोण आणि तुम्ही कोण!

फक्त 'पर्सनल' हवं असेल तर ते गोळीतही मिळतं, हे लोक विसरतात. स्वीडनमध्ये २८० लोकांना आळीपाळीने चार वेगवेगळ्या प्रकारच्या जुन्या, स्वस्त गोळ्या देऊन बघितलं, कुणाला कोणती जास्त लागू पडते. २०२३ मध्ये ते छापून आलं. ज्याची त्याला योग्य गोळी दिली तर वरचं बीपी सरासरी आणखी ४.४ ने उतरू शकतं असं निघालं. म्हणजे उपकरणाच्या आठ पॉइंटांपैकी अर्धा फायदा निव्वळ नोंदी ठेवण्यात होता. उलट आपल्याकडच्या टॉपस्पिन चाचणीत (२०२५, जवळपास दोन हजार भारतीय पेशंट) दोन-दोन औषधांच्या तीन जोड्या तपासल्या, तर तिन्ही सारख्याच निघाल्या आणि सुमारे ७० टक्के लोकांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं. म्हणजे बहुतेकांना कुठलीही धड जोडी चालते, फक्त ती रोज मिळाली आणि घेतली पाहिजे. केंद्राचा आणि आयसीएमआरचा हायपरटेन्शन कार्यक्रम याच साध्या तत्त्वावर चालतो. ठरलेली औषधं, ठरलेल्या पायऱ्या, प्रत्येक पेशंटचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला फोन. महाराष्ट्रात सुरुवातीला भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा असे जिल्हे घेतले होते. यात कुठेही 'पर्सनलाइज' शब्द नाही, आणि तरी "तात्या, गेल्या महिन्यात आला नाहीत, गोळ्या संपल्या असतील" असा नर्सबाईंचा फोन येण्यापेक्षा पर्सनल काय असतं ते मला सांगा.

आणि हे दोन वेगळे रस्ते आहेत असंही नाही. ज्या गावात दर महिन्याला बीपीचा खरा आकडा लिहिला जातो, त्याच गावातल्या पेसमेकरवाल्याचं सेटिंग उद्या नीट करता येईल. जिथे आकडाच नाही तिथे गोळीही अंदाजपंचे आणि मशीनही अंदाजपंचे.

तेव्हा त्या चुलतभावाला मी जे लिहिलं ते इथेही लिहितो. फॉरवर्ड करायचंच असेल तर मागण्या फॉरवर्ड कर. पेसमेकर बसवलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात त्याच्या सेटिंगचा छापील कागद मिळालाच पाहिजे, दर तपासणीनंतर नवा, मराठीत दोन ओळींसह, की हे मशीन कशासाठी आहे आणि कोणत्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. जालन्याला सरकारी मेडिकल कॉलेज ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालं, शंभर जागांचं. तिथे सगळ्या कंपन्यांचे प्रोग्रॅमर ठेवून आठवड्यातला एक ठरलेला दिवस पेसमेकरवाल्यांसाठी असावा, कंपनीच्या माणसाच्या सवडीने नव्हे. आणि ज्या कंपनीला आपलं बीपीवालं नवं सॉफ्टवेअर इथे विकायचंय तिने किमतीत पहिल्या दोन वर्षांच्या तपासण्या जिल्ह्यातच करून द्याव्यात. आपण क्लायंटला सॉफ्टवेअर देतो तेव्हा सपोर्टचा करार केल्याशिवाय तो सही करतो का? मग छातीत बसवायच्या सॉफ्टवेअरला वेगळा नियम का?

काकांना मी पट्ट्याचं मशीन घेऊन दिलंय आणि शंभर पानी वही. गोळी परत सुरू झाली, स्थानिक डॉक्टरांनी दुसरी एक जोडली. सकाळी बाजेवर पाच मिनिटं बसून दोनदा मोजायचं आणि लिहायचं, असं ठरलंय. रविवारी फोनवर ते आकडे वाचून दाखवतात. मागच्या आठवड्यातले सगळे १३८ ते १४६ च्या मध्ये होते. एका दिवशी १६२, त्याच्यापुढे त्यांनी कंसात लिहिलंय, 'भावकीत भांडण'.